ब्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं दुसऱ्या मजल्यावरच्या आबांनी आधीच जाहीर करून टाकलं आणि मगच ते तळमजल्यावरच्या बाकावर ऐसपैस बसले. लिफ्ट बंद होती. मेकॅनिक नुकताच खालच्या खड्ड्यात उतरला होता आणि त्याची फक्त टोपी दिसत होती. पिशव्या घेऊन ताटकळलेली आठ-दहा माणसं आयतीच समोर सापडली होती. अशा वेळी आबांना गप्प करणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला 'जरा थांब' म्हणणं. "विश्वास ठेवा असा माझा आग्रहही नाही. मी आयुष्यात चारदा खरं बोललो आणि चारही वेळा पस्तावलो. पण ही गोष्ट आपल्या छटाककाकांची आहे. त्या माणसाच्या बाबतीत खरंच इतकं घडतं, की खोट्याला पाय ठेवायला जागा उरत नाही."

आबांनी सांगितलं ते असं.

छटाककाका म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे. वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, खोटं माप सापडलं की दुकानाला सील ठोकायचं. त्यांनी पिशवी नुसती हातात धरली तरी साखर किती ग्रॅम कमी आहे ते सांगत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानातले तराजू म्हणे आपोआप सरळ होत. छटाकभर कमी भरलं तरी सोडायचे नाहीत, म्हणून लोक मागून छटाककाका म्हणत, पुढून 'साहेब'. निवृत्त झाल्यावर साहेब गेले, छटाक राहिले.

त्यांची एकुलती एक मुलगी दगडांचं शिकली. म्हणजे भूगर्भशास्त्र, पण काकू सगळ्यांना 'दगडांचं' असंच सांगत, कारण खरा शब्द उच्चारला की समोरची बाई आपल्या सुनेचे रिपोर्ट दाखवायला लागे. तर ह्या मुलीला चार तासांच्या अंतरावर, डोंगरातल्या एका कॉलेजात पहिली नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे रविवारी सकाळी निघायचं. मंगळवारी जेवताना काकांनी घोषणा केली, "ह्या खेपेला मी सोडणार. आपल्या गाडीनं."

'ह्या खेपेला' यात सगळं आलं. पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा काका कुठल्याशा बाजारात काटे तपासत होते; काकूंनी सोडलं. होस्टेलवर गेली तेव्हा एका गोदामावर छापा होता, शेजाऱ्यांनी सोडलं. पदवी मिळाली त्या दिवशी ते एका सोनाराच्या तराजूसमोर अडकले होते. जगाच्या तराजूंची पारडी सारखी करता करता घरचं एक पारडं तसंच लोंबकळत राहिलं, आणि हे काकांना काकूंहून जास्त ठाऊक होतं. आता निवृत्त माणसाला सबब नाही. ही संधी गेली की गेली. पोरगी पुन्हा काही पहिल्यांदा कुठं जायची नव्हती.

"बाबा, मी बसनं जाईन की," मुलगी म्हणाली. "उगाच दगदग कशाला?"

"घरात गाडी असताना बसनं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बसनं गेली."

"काही नाही. सगळं सामान घेऊन मीच सोडणार."

आता सामान म्हणजे काय, तर कपड्यांची एक बॅग आणि दगडांच्या सहा पेट्या. इतरांच्या मुली चपला जमवतात, हिनं वयाच्या सातव्या वर्षापासून दगड जमवलेले. काकांनी आपला जुना ताणकाटा काढला, दाराच्या चौकटीला अडकवला आणि एकेक पेटी तोलून कागदावर मांडली. एकूण एकशे त्रेचाळीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम, झाकणांसकट. मग त्याखाली प्रवाशांची वजनं लिहायला घेतली. स्वतःचं लिहिलं, मुलीचं लिहिलं आणि पेन काकूंच्या दिशेनं फिरलं.

"माझा आकडा त्या कागदावर आला, तर मी गाडीत बसणार नाही," काकू म्हणाल्या. "आणि नाही आला, तर तुमची बेरीज चुकेल. ठरवा काय ते."

चौतीस वर्षं कुणालाही न भ्यालेल्या माणसानं त्या जागी 'अंदाजे' असं लिहिलं. काका म्हणतात, अधोगती तिथूनच सुरू झाली.

एवढं वजन गाडी पेलणार कशावर? तर टायरांवर. म्हणून काका खाली जाऊन वाकले. टायर इतके गुळगुळीत झाले होते की हात फिरवल्यावर आपण स्वतःच्याच टकलावरून हात फिरवतोय असं त्यांना वाटलं. नवे घ्यायला हवे होतेच. पण कसले? टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत मापं लिहिलेली होती आणि शेवटी होतं: ८२ टी. गाडीत बसणारी माणसं आयुष्यभर ते वाचत नाहीत आणि सुखानं मरतात. काकांनी ते वाचलं.

वजनमापांच्या माणसाला आकडा दिसला की तो किलोच वाटतो. ब्याऐंशी चोक तीनशे अठ्ठावीस. म्हणजे चार टायर मिळून तीनशे अठ्ठावीस किलो पेलणार. आणि नुसत्या रिकाम्या गाडीचं वजन, कागदपत्रांनुसार, आठशे नव्वद!

काका दोन पावलं मागं सरकले. मग ही गाडी नऊ वर्षं उभी कशावर आहे?

त्यांनी खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. गाडी निव्वळ सवयीनं उभी होती. त्यांनी कुंपणापाशी पडलेल्या विटा आणल्या आणि हळूच, गाडीला संशय येणार नाही अशा बेतानं, चारी बाजूंनी खाली सरकवल्या.

"अहो, नऊ वर्षं उभी आहे ती," काकूंनी गॅलरीतून सांगितलं.

"उभी आहे हे मान्य," काका वर बघून म्हणाले. "पण हिशोबात बसत नाही."

इतक्यात तिथं 'इंजिनियरचे सासरे' अवतरले. हे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ. स्वतः आयुष्यभर बँकेत कॅशियर. पण जावई पुलांचा इंजिनियर झाल्यापासून तांत्रिक बाबींत यांचा शब्द शेवटचा, निदान त्यांच्या मते. शरीरयष्टी अशी की ते लिफ्टमध्ये शिरले की काका मुकाट्यानं बाहेर येऊन जिना धरत. सासऱ्यांनी टायर वाचला, बुटाच्या टोकानं तो दोनदा ठोकला आणि निकाल दिला, "टी म्हणजे टन, साहेब. ब्याऐंशी टन. तुम्ही हत्ती बसवा, काही होत नाही."

एक टायर एकतर ब्याऐंशी किलो पेलतो किंवा ब्याऐंशी हजार. खरं-खोटं ह्या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असणार, एवढीच माहिती घेऊन काकांनी ती रात्र तळमळत काढली. बुधवारी सकाळी विटा काढून, जीव मुठीत धरून, ताशी दहाच्या वेगानं गाडी टायरवाल्याकडे नेली.

टायरवाला मितभाषी होता. तोंडात आगकाडी धरून तो चाकाकडे बघायचा, आणि माणसाकडे बघायचं काम त्यानं सोडून दिलं होतं.

"टी म्हणजे वेग," तो म्हणाला. "आणि ब्याऐंशी म्हणजे लोड नंबर. ब्याऐंशीला एक टायर चारशे पंच्याहत्तर किलो पेलतो."

"ब्याऐंशी म्हणजे चारशे पंच्याहत्तर?"

"हो."

"आणि त्र्याऐंशी म्हणजे?"

"चारशे सत्त्याऐंशी."

काकांनी मनात नोंद केली: बारा वाढले. "चौऱ्याऐंशी?"

"पाचशे."

तेरा. "पंच्याऐंशी?"

"पाचशे पंधरा."

"थांबा!" काका कडाडले. दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून उठलंच. "आधी बारा, मग तेरा, मग पंधरा! हे माप आहे की कुणाची लहर? माझ्या काळात असला काटा दिसता तर मी तुमच्या दुकानाला सील ठोकलं असतं!"

"तक्ता आहे तो, काका. जगभर हाच चालतो."

"म्हणजे जगभर खोटं माप चालतं!"

टायरवाल्यानं आगकाडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. जगभराचं उत्तर द्यायला तो बांधील नव्हता. "तुमच्या गाडीला कंपनीनं सांगितलाय तोच नंबर घ्या. त्याच्याखाली जाऊ नका, वर गेलात तर चालेल. दाराच्या खांबावर चिठ्ठी असते, बघा."

"पण आत्ता ब्याऐंशीचेच आहेत ना?"

"हे मूळचे नाहीत. मधे कुणीतरी बदललेत. त्यानं बरोबर घातले असतील असं कशावरून?"

हा प्रश्न काकांच्या काळजाला भिडला. चौतीस वर्षं ते स्वतः दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आले होते.

दाराच्या खांबावर चिठ्ठी होती. पण काकूंना स्वच्छतेची भारी हौस. नऊ वर्षं दर रविवारी त्यांनी ती चिठ्ठी ओल्या फडक्यानं घासून लख्ख केली होती. इतकी लख्ख की तिच्यावर पहिला आठ तेवढा उरला होता. दुसऱ्या आकड्याच्या जागी एक वळसा दिसे. काकूंना तो दोन वाटे. सासऱ्यांना ठामपणे आठ वाटे. काकांनी भिंग लावलं, विजेरी लावली, उलटे वाकून पाहिलं. त्यांना सकाळी दोन दिसे आणि चहा झाल्यावर आठ. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली, तर तीत लिहिलेलं: 'मॉडेलनुसार ८२ किंवा ८८. अचूक माहितीसाठी दारावरील चिठ्ठी पाहावी.'

"ब्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी, फरक तो काय?" मुलीनं विचारलं.

"पंच्याऐंशी किलो," काका म्हणाले. तक्ता त्यांनी पाठ केला होता. "एका चाकामागं. चार चाकांचे तीनशे चाळीस. मी तुला रस्त्यात तीनशे चाळीस किलोच्या शंकेवर बसवून नेऊ?"

"टायरवाला म्हणतोय ना, वरचा चालतो? मग अठ्ठ्याऐंशी घाला आणि मोकळे व्हा."

मुलगी शिकलेली होती. पण काकांचं म्हणणं असं, की खरं माप काय ते न कळता जास्तीचं घालून मोकळं होणं म्हणजे ग्राहकाला जास्त साखर देऊन काटा खोटा ठेवणं. तत्त्वाचा प्रश्न होता. आणि तत्त्वाचा प्रश्न म्हटला की माणसाला सरकारी कचेरीत जावं लागतं.

गुरुवारी काका वाहनांच्या कचेरीत गेले. तीन नंबरच्या खिडकीनं पाच दाखवली. पाचनं 'जेवणानंतर या' सांगितलं. जेवणानंतर पाच बंद होती आणि तिचं काम तीनवर गेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'पुन्हा या' म्हणणाऱ्या माणसाला दिवसभरात सहा वेळा कुणीतरी 'पुन्हा या' म्हणालं. सहाव्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढून सगळे जुने दुकानदार रांगेनं गेले, आणि आबा सांगतात, त्यातल्या दोघांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली. तिसऱ्याची नाही. तो खरंच लबाड होता.

शेवटी एका कारकुनानं गाडीची नोंद काढली, बोट ठेवून वाचली आणि म्हणाला, "टायरचा लोड आमच्याकडे नसतो. चाकांची संख्या असते. चार."

"ती मलाही माहीत आहे."

"तुमच्याकडे किती आहेत?"

सरळ माणसाचा घात सरळपणाच करतो. काका म्हणाले, "पाच."

कारकुनानं चष्मा काढला. "नोंदीत चार आहेत."

"पाचवं डिकीत आहे. जादाचं. पंक्चर झाल्यावर लावायचं."

"म्हणजे नोंद नसलेलं चाक तुम्ही गाडीत बाळगता?"

"अहो, सगळेच बाळगतात!"

"सगळ्यांचं सोडा. सगळे इथं येऊन सांगत नाहीत."

काका कचेरीतून बाहेर पडले तेव्हा लोड नंबरचं उत्तर मिळालेलं नव्हतं, पण हातात एक नोटीस होती: पाचव्या चाकाबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. त्यांनी तो खुलासा घरी येऊन चार पानी लिहिला. त्यात 'सदर चाक हे मूळ चारांपैकी एखाद्याच्या निधनानंतरच कार्यरत होते' असं एक वाक्य होतं. काकूंनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

शुक्रवार उजाडला. दोन दिवस उरलेले. गाडी चालू कमी आणि विटांवर जास्त. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, बसचं तिकीट काढून ठेवू का? नुसतं हाताशी." काकांचा चेहरा असा झाला, की तिनं लगेच "नाही, राहू दे" म्हटलं. ते त्यांना जास्त लागलं.

अशा विकल अवस्थेत माणूस कुणाचंही ऐकतो. काकांनी इंजिनियरच्या सासऱ्यांचं ऐकलं.

"साहेब, ब्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी ह्या घोळात पडताच कशाला?" सासरे म्हणाले. "आमचे जावई पूल बांधतात. दहा टनांची गाडी जाणार असेल तर तीस टनांचा पूल. तिप्पट धरायचं म्हणजे झोप लागते."

"पण ते पूल जागच्या जागी असतात हो."

"म्हणून तर तुम्हाला जास्त धरायला हवं. तुमचा हलणार आहे."

ह्या युक्तिवादात कुठंतरी खोट आहे हे काकांना जाणवत होतं, पण ती कुठल्या पारड्यात आहे ते सापडेना. शुक्रवारी दुपारी त्यांनी टायरवाल्याला सांगितलं, ह्या रिमवर बसेल असा सगळ्यात मोठ्या नंबरचा टायर दे. टायरवाला बराच वेळ आगकाडी चावत राहिला. मग त्यानं आतून छोट्या मालवाहू टेम्पोचे चार टायर काढले. चौऱ्याण्णव नंबर. एकेक सहाशे सत्तर किलोचा.

"एवढं नको, काका. ही घरची गाडी आहे."

"घाल."

"बरं, हवा तरी बेताची—"

"बाजूवर काय लिहिलंय? जास्तीत जास्त पासष्ट. पासष्टच भर. पूर्ण भार पेलायचा तर पूर्ण हवा लागते, हे तूच बोललास."

"पूर्ण भार असेल तर. तुमची गाडी रिकामी आहे."

पण काकांना आता कुणाच्याच 'तर'वर विश्वास उरला नव्हता.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. पुढं काका, मागं काकू. आबा शपथेवर सांगतात, की ते टायर इतके टणक झाले होते की रस्त्यात नाणं पडलेलं असलं, तर वरून गाडी गेल्यावर ते छापा आहे की काटा हे काकूंना बसल्या जागी कळे. पहिल्या गतिरोधकावर काका टपाला लागले. दुसऱ्यावर काकूंची पर्स मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आली आणि तिसऱ्यावर स्वतःहून परत गेली. सिग्नलपाशी गाडी थांबवली तरी ती जागच्या जागी थुई थुई नाचत राहिली. शेजारच्या स्कूटरवाल्यानं काच वाजवून विचारलं, "गाणं कुठलं लावलंय?"

काकांनी थरथरत गाडी दुकानाशी आणली. त्यांच्या दातांचा आवाज थांबायला पाच मिनिटं लागली.

"सांगितलं होतं," टायरवाला म्हणाला. "आता वजन भरा आत. बसेल खाली."

एकदम काकांचा चेहरा उजळला. वजन! वजन तर घरात होतं. एकशे त्रेचाळीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम, सहा पेट्यांत, झाकणांसकट. आठवडाभर ज्या दगडांच्या धास्तीनं ते वाळले, तेच दगड आता तारणहार ठरणार होते. दोन-दोन पायऱ्या गाळत ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. मुलगी दार उघडायला आली तीच हसतमुखानं.

"बाबा, तुमची काळजी मिटवली. पेट्या सकाळीच ट्रान्सपोर्टनं पुढं पाठवून दिल्या. आता गाडी अगदी हलकी."

काका दारातच पायपुसण्यावर बसले.

तिनं हे किती मायेनं केलं होतं ते त्यांना दिसत होतं, म्हणून रागावताही येईना. "फार छान केलंस," ते म्हणाले. आबांच्या मते मनुष्यजातीच्या इतिहासात एवढ्या रडव्या तोंडानं एवढी मोठी शाबासकी कुणी दिलेली नाही.

मग रविवारी सकाळी काकांनी ते केलं, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं: चौथ्या मजल्यावर जाऊन सासऱ्यांच्या दाराची घंटा वाजवली.

"आज जरा मोकळे आहात का? आमच्याबरोबर यायचं होतं."

सासऱ्यांना वाटलं, प्रवासात तांत्रिक सल्ला लागणार. ते टाय लावून खाली आले. काकांनी मागच्या सीटवर खडूनं एक चौकोन आखून ठेवला होता.

"इथंच बसा. बरोबर मागच्या आसावर."

"का हो?"

"तिथून रस्ता चांगला दिसतो."

सासरे बसले आणि गाडीनं आठवड्यात पहिल्यांदा समाधानाचा सुस्कारा सोडला. पुढं मुलगी, मागं चौकोनात सासरे, त्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत काकू, आणि सुकाणूवर छटाककाका. निघाले. शहर संपेपर्यंत सगळं सुरळीत. पण नको तिथं सासऱ्यांना उकाडा व्हायला लागला आणि ते वारा घ्यायला चौकोनाबाहेर सरकू लागले. ते डावीकडे सरकले की गाडी उजवीकडून उसळे, उजवीकडे सरकले की डावीकडून.

"चौकोनात!" काका आरशात बघून ओरडत.

"अहो, मी माणूस आहे की पेटी?" सासरे चिडून म्हणत.

डोंगराच्या पायथ्याशी रेल्वेचं फाटक लागलं. बंद. समोर मालगाडी उभी. बेचाळीस वाघिणी, आणि हलायचं नाव नाही. बारा वाजता प्राचार्य मुलीला खोली दाखवायला थांबणार होते. पावणेबारा झाले. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. चौतीस वर्षांत प्रत्येक वेळी मधे काहीतरी आडवं आलं होतं. आज वाघिणी आल्या होत्या.

आणि त्याच क्षणी सासरे आळस द्यायला चौकोनातून संपूर्ण उठले.

"इथून पुढं," आबा समोरच्या मंडळींना म्हणाले, "ज्याचं हृदय कमजोर असेल त्यानं जिन्यानं वर जावं."

कुणी गेलं नाही.

फाटकाआधी एक गतिरोधक होता. काकांनी ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबलं. चार गुणिले सहाशे सत्तर किलो पेलायला निघालेले टायर, आत पासष्टची हवा, आणि मागचं वजन अधांतरी. गाडी गतिरोधकावर आदळली आणि उठली. फाटकावरून गेली. वाघिणींवरून गेली. खाली गार्ड डबा खात बसला होता, त्यानं घास हातात धरून वर पाहिलं. काका इतके नियमाचे पक्के, की हवेतही त्यांनी उजवीकडचा दिवा लावला होता. काकूंनी डोळे मिटले होते. सासरे चौकोन शोधत होते. पलीकडच्या रस्त्यावर गाडी चारी पायांवर अलगद उतरली, मांजरीसारखी. टायरला ओरखडा नाही. आणि बाराला दोन मिनिटं कमी असताना ती कॉलेजच्या दारात—

"खोटं!"

बाकाच्या टोकाशी, खांबाआड, प्रवासाची बॅग पायाशी ठेवून बसलेली एक तरुण बाई उठून उभी राहिली. आबांनी चष्मा वर केला. छटाककाकांची मुलगी. सुट्टीला आलेली, आणि बाकीच्यांसारखीच लिफ्टपायी अडकलेली.

"आबा, शुद्ध खोटं. कसलं फाटक आणि कसल्या वाघिणी! रविवारी सकाळी गाडीला चाकंच नव्हती. बाबांचं ब्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आम्ही बसनं गेलो."

"आम्ही?" आबांनी विचारलं.

"मी आणि बाबा. दगड ट्रान्सपोर्टनं पाठवले हे खरं आहे, पण पाचच पेट्या. सहावी स्फटिकांची होती, आदळआपटीत तिचा भुगा झाला असता. ती बाबांनी मांडीवर घेतली. चार तास. मधे बस थांबली, सगळे उतरले, तरी ते उठले नाहीत. मी दहा वेळा म्हटलं, जड होत असेल, द्या इकडे. तर म्हणाले, छे ग, तीन-चार किलो असेल."

"मग?" आबा हळूच म्हणाले.

"मग काय? सोमवारी कॉलेजच्या काट्यावर ठेवली मी. एकोणीस किलो आठशे."